बाल्साचा मुखवटा

सुलक्षणाच्या हातून पहिल्यांदा कळशी सुटली ती दहिसरच्या चाळीतल्या नळावर, सकाळच्या गर्दीत. पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं, बायका हसल्या आणि तीही हसली. महिनाभरात भाताचा टोप सुटला. मग एकदा पोलक्याचं बटण लावता लावता ती तशीच बसून राहिली आणि लेकीला हाक मारून म्हणाली, "वनमाला, ह्यां लाव गे. बोटां ऐकनत नाय."

गुणाजी मेस्त्रीला हे सगळं तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. तो जातीचा सुतार, कणकवलीकडचा. परळच्या एका गिरणीच्या सुतारखात्यात त्यानं एकोणीस वर्षं काढली होती. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली आणि वर्षभर इकडेतिकडे खिडक्या-दारं दुरुस्त करून तो अंधेरीच्या एका स्टुडिओत सेटिंग खात्यात लागला. आता तो राजवाडे उभे करायचा आणि आठवड्यानं तेच उतरवायचा. सुलक्षणाला त्याची मोठी गंमत वाटायची. "आज काय बांधलात?" ती विचारायची. तो म्हणायचा, "कोर्ट." ती म्हणायची, "मगे फाशी कोणाक?"

टाऊनमधल्या मोठ्या हॉस्पिटलात तिला तीन वेळा नेलं. सुया टोचल्या, विजेचे झटके देऊन तपासलं. चौथ्या खेपेला डॉक्टरांनी गुणाजीला एकट्याला आत बोलावलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या शिरा सुकत चालल्यात, म्हणाले. त्यावर औषध निघालेलं नाही. आधी हात जातील, मग पाय, मग बाकीचं. गुणाजीनं विचारलं, "बाकीचं म्हणजे?" डॉक्टर कागदावर लिहीत होते. लिहिणं संपल्यावर ते म्हणाले, "ते पुढचं पुढं बघू."

तिथंच व्यायाम शिकवणाऱ्या मीराताई होत्या. तिशीची, चटपटीत बाई. त्यांनी सुलक्षणाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन वरखाली केले आणि गुणाजीला सांगितलं, "यांना काम करू द्या. बसवून ठेवू नका. पण हाताला झेपेल एवढंच वजन द्या. चमचा, कंगवा, पेला, जे जे हलकं करता येईल ते करा. तुम्ही सुतार ना? मग बघा काहीतरी."

गुणाजीनं मान हलवली. सुतार असण्याचा इथं काय उपयोग, हे त्याला त्या दिवशी काही उमगलं नाही.

ते उमगलं स्टुडिओत, आठ-दहा दिवसांनी. मारामारीचा मोठा सीन होता. हीरो खुर्ची उचलून गुंडाच्या पाठीत घालणार, गुंड जिन्याच्या कठड्यावर पडणार, कठडा मोडणार. असल्या कामाला एरवी सावरीचं नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे आणि आतून अर्धंअधिक कापून ठेवायचे. पण हे पिक्चर मोठ्या बॅनरचं होतं. सामानाच्या गोदामाचा प्रमुख चंद्रप्रकाश म्हणून एक जौनपूरचा माणूस होता. त्यानं गुणाजीला बोलावून कोपऱ्यातला एक ओंडका दाखवला. मांडीएवढा जाड, चार हात लांब, पांढुरका.

"उठाओ," चंद्रप्रकाश म्हणाला.

गुणाजीनं कंबर वाकवली, पाय रोवले आणि जोर लावून ओंडका उचलला. तो इतक्या झटकन वर आला की गुणाजीच्या हनुवटीवर आपटला. चंद्रप्रकाश पोट धरून हसला.

"बाल्सा है, मेस्त्री. लकड़ी नहीं, पापड़ समझो. बुचापेक्षा हलका. जहाजातून येतो, अमेरिकेच्या खालच्या अंगाकडून. पाच-सहा सालात झाड साठ फूट. जिवंत असतं तेव्हा नुसतं पाण्यानं भरलेलं, आणि सुकवलं की आत फक्त हवा."

गुणाजीनं लाकडावर नख दाबलं. नख आत गेलं. त्याच्या गावी शेताच्या बांधावर पांगारा असायचा, त्याचे तरंगे मच्छीमार जाळ्याला बांधायचे. त्याच लाकडाची खेळणीही व्हायची. तेवढंच हलकं लाकूड त्याला ठाऊक होतं. हे त्याहून निराळं होतं. पटाशी लावली तर ते कापलं जायच्या आधी दबायचं. त्यानं पटाशी दगडावर घासून वस्तऱ्यासारखी केली, तेव्हा कुठं ते लोण्यासारखं निघालं. खिळा त्यात धरत नव्हता, सगळं सरसानं जोडावं लागे. दुपारपर्यंत त्यानं दोन खुर्च्या केल्या, सागवानी रंग दिला आणि एक खुर्ची करंगळीवर उचलून पाहिली.

करंगळीवर खुर्ची धरून तो तसाच उभा राहिला. मग चंद्रप्रकाशकडे जाऊन म्हणाला, "भाईसाब, याचे तुकडे उरतात त्याचं काय करता?"

"फेंक देते हैं. क्यों?"

गुणाजीनं सांगितलं. चंद्रप्रकाशनं ऐकून घेतलं, तोंडातलं पान थुंकून आला आणि म्हणाला, "जो टुकड़ा बचेगा, तुम्हारा. किसी से पूछना मत."

त्या संध्याकाळपासून गुणाजी घरी आला की दारात गोणपाट टाकून बसायचा. आधी कंगवा केला. मूठ जाड, बाल्साची. दात जुन्या कंगव्याचे, कापून बसवलेले. सुलक्षणानं तो हातात घेतला, केसांतून फिरवला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती स्वतः विंचरत होती. मग चमचा केला. तो आमटी पिऊन फुगला आणि चौथ्या दिवशी मऊ पडला. गुणाजीनं पुढच्या चमच्याला लाखेचे सात हात दिले, तो टिकला. डब्यांच्या झाकणांना मुठी केल्या. पाणी प्यायचा पेला केला. खिडकीत ठेवायची वीतभर फळी केली, कोपर टेकून बाहेर बघायला. स्टुडिओतून येताना त्याच्या पिशवीत रोज पांढरे तुकडे असत. चाळीतले लोक म्हणत, मेस्त्रीनं बायकोसाठी भातुकली मांडली आहे. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो खूश होता. आजार आपल्या पटाशीच्या टप्प्यात आला आहे, असं त्याला वाटायला लागलं होतं.

असे दहा-अकरा महिने गेल्यावर त्यानं लाटणं केलं.

सुलक्षणाच्या चपात्या सगळ्या चाळीला माहीत होत्या. आता त्या वनमाला करायची. तिला कॉलेज होतं, तिच्या चपात्या आकारानं कशाही यायच्या आणि सुलक्षणा त्या न बोलता खायची. गुणाजीनं रविवारी सकाळी नवं लाटणं तिच्यापुढं ठेवलं. गुळगुळीत, हातात आहे की नाही कळू नये असं. तिचा चेहरा उजळला. वनमालाकडून कणीक मळून घेतली, पोळपाटाशी बसली, पहिला गोळा ठेवला आणि लाटणं फिरवलं.

लाटणं गोळ्यावरून नुसतं पुढंमागं गेलं. गोळा होता तसाच राहिला. तिनं पुन्हा फिरवलं. खांद्यातून रेटायचा प्रयत्न केला, पण खांद्यात काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं अर्धं काम लाटण्याचा भारच करत होता, हे गुणाजीला त्या क्षणी कळलं. सुताराला हे आधी कळायला हवं होतं.

"ह्यां लाटणां न्हय," ती म्हणाली. "फुगो हा."

"मी जाड करून देतो. मध्ये लोखंडाची सळी घालू—"

"मगे माका उचलात काय ता?" तिचा आवाज चढला. "वजन काढलात तर लाटूक येणा नाय, वजन घातलात तर उचलूक येणा नाय. किती दिवस खेळणी करून देतलात माका? मी काय बारकी पोर आसंय?"

तिनं लाटणं भिरकावलं. ते भिंतीपर्यंत पोचलंसुद्धा नाही. तिच्या गुडघ्याशीच पडलं, आवाज न करता. भांडं आपटावं आणि घर दणाणावं एवढंही आपल्या हातात राहिलं नाही, हे पाहून ती रडायला लागली. वनमाला तिला धरून बसली. गुणाजी उठून बाहेर गेला, नदीच्या कडेनं पार जकात नाक्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. त्यानंतर त्यानं हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकलली. तुकडे आणणं बंद केलं.

हे झालं आषाढात. भाद्रपद तोंडावर आला तेव्हा गुणाजीची थोरली बहीण द्रौपदी मुलुंडहून आली. आई गेल्यावर घरातलं सगळं देवाधर्माचं तिच्या देखरेखीखाली चालायचं. शब्दानं कडक, पण सणाला पहाटेपासून राबणारी बाई. मेस्त्र्यांच्या घरची गौर दरवर्षी गुणाजीकडे यायची आणि ती आणायची सुलक्षणा. चाळीमागच्या विहिरीवर तेरड्याची जुडी धुवायची, तिला आईच्या वेळचा पितळेचा मुखवटा बांधायचा, सुपात ठेवून दोन्ही हातांनी छातीशी धरायचा आणि चाळीच्या लांब पडवीतून घरी आणायचा. तोंडात पाण्याची चूळ धरायची, बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एकदाही चुकलं नव्हतं.

द्रौपदी चहा पिताना म्हणाली, "यंदा गौर मी आणीन. नायतर वनमाला आणात. देवीक सगळा समाजता."

द्रौपदी गेल्यावर सुलक्षणानं गुणाजीला हाक मारली. लाटण्याच्या दिवसापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

"ओ," ती म्हणाली. "तां लाकूड अजून गावता?"

"कशाला?"

"मुखवटो होयत काय त्याचो?"

तिनं आजवर गुणाजीकडे एकही वस्तू मागितली नव्हती. सगळं त्यानंच आणून पुढं ठेवलं होतं.

"मी कधी तोंड केलेलं नाही," तो म्हणाला. "दारं, खुर्च्या..."

"मी सांगतंय. तुमी करा."

चंद्रप्रकाशनं दुसऱ्या दिवशी ओंडक्यातला चांगला वीतभर तुकडा कापून दिला, उरलेला नव्हे. मग रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, गुणाजी खिडकीशी बसून तासायचा आणि ती समोर बसून बघायची. पितळेचा मुखवटा पाटावर ठेवलेला असायचा, पण ती त्याच्याकडे बघून सांगत नव्हती.

"नाक टोकदार झाला. देवी हा ती, पोलीस न्हय."

तो नाक उतरवायचा.

"गाल आजून भरूचो. म्हायेराक इली हा, खाऊन-पिऊन ऱ्हवतली."

"काढलेलं लाकूड परत कसं भरू?"

"मगे बाकीचा काढा."

तो हसायचा, तीही हसायची. तिच्या हसण्यात आताशा एक घोगरेपणा आला होता, तो त्याला पावसाळ्याचा वाटला. डाव्या डोळ्याशी लाकूड जरा दबलं तर तिनं ते तसंच ठेवायला सांगितलं. "झोप झाली नाय तिची," म्हणाली. खडूची भुकटी सरसात कालवून त्यानं तीन थर दिले, कारण लाकूड रंग नुसता पिऊन टाकत होतं. मग पिवळा रंग, लाल ओठ, काळे डोळे. कुंकू वनमालानं काढलं. सगळं मिळून पाव किलोसुद्धा भरलं नसतं.

गौरीच्या दिवशी सकाळी द्रौपदी आली, मुखवटा पाहिला आणि दारातच थांबली.

"ह्या काय? आवशीचो मुखवटो खय गेलो?"

"पाटावर हा, अक्का," सुलक्षणा म्हणाली. "तो घरात बसतलो. ही मी घेवन येतंय. दोगी बसतीत एका पाटावर. दोन भयनी आसतत की गौरीक."

"शिनेमाच्या लाकडाची देवी? गुणाजी, तुका काय समाजता की नाय?"

सुलक्षणाच म्हणाली, "अक्का, माका फुडच्या वर्सा इचारू नकात. ह्या वर्सा मी आणतंय."

द्रौपदी पदर खोचून विहिरीकडे चालू लागली. तेरडा तिनंच धुतला. जुडीला मुखवटा बांधताना तिनं तो दोनदा हातात तोलला. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते गुणाजीला नीट दिसलं नाही.

सूप सुलक्षणाच्या हातात दिलं. तिनं कोपरं बरगड्यांशी घट्ट दाबली, सूप छातीला टेकवलं. द्रौपदीनं तिच्या तोंडात पाण्याचा घोट दिला. पडवीत पंधरा खोल्या होत्या आणि मेस्त्र्यांची शेवटून दुसरी. दारादारांत बायका हळदीकुंकू घेऊन उभ्या होत्या. वनमाला आईच्या बाजूनं चालत होती, हात सुपाच्या खाली, पण न लागता. गुणाजी पुढं होता, घंटा वाजवत, उलट्या पावली, तिच्याकडे बघत.

ती चालली. पाच दारं झाली, सात झाली. तिचे दंड थरथरत होते, पण सूप हललं नाही. नवव्या दारापाशी एका म्हातारीनं वाकून मुखवट्याला कुंकू लावलं, तेव्हा ती थांबली, पुन्हा चालू लागली. गुणाजीच्या मनात आलं, जमलं. आपल्याला जमलं.

अकराव्या दारापाशी तिचे डोळे मोठे झाले. गळ्याशी काहीतरी हललं, तोंडाच्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली आणि मग खोकल्याचा असा उमाळा आला की तिचा चेहरा काळानिळा पडला. एक घोट पाणी. ते तिला ना धरता येत होतं, ना गिळता येत होतं. ती भिंतीला टेकली, घसरत खाली बसली, आणि खोकत असतानाही तिनं सूप सोडलं नाही. मांडीत घेऊन त्यावर वाकली. हात शाबूत होते. गेला होता तो घसा.

'मग बाकीचं.' डॉक्टर काय लिहीत होते ते गुणाजीला तिथं, पडवीत, हातात घंटा घेऊन कळलं. तो घोगरेपणा पावसाळ्याचा नव्हता. गेल्या महिन्यात ती भात सोडून पेज मागायला लागली होती, ती आवडीनं नव्हे. तिला हे आधीपासून माहीत होतं. ती बोलली नव्हती.

गौर आणताना चूळ सांडणं बरं नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांचे डोळे द्रौपदीकडे गेले. द्रौपदी पुढं झाली, नऊवारीचा ओचा सावरून सुलक्षणाशेजारी जमिनीवर बसली आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.

"लांबसून इली हा ती," द्रौपदी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बसांदेत जरा."

थोड्या वेळानं दोघी उठल्या. सुपाखाली सुलक्षणाचे हात आणि सुलक्षणाच्या हातांखाली द्रौपदीचे. तशीच गौर घरात आली.

दिवाळीपर्यंत सुलक्षणाचं बोलणं फक्त वनमालाला कळायचं. संक्रांतीपर्यंत तिलाही कळेनासं झालं. मान उभी राहत नव्हती, म्हणून गुणाजीनं पुन्हा एक तुकडा आणला आणि हनुवटीखाली धरणारी कमान केली, आतून कापूस आणि मऊ फडकं लावून. ती गळ्यात घालून ती खिडकीशी बसायची. हॉस्पिटलात मीराताईंनी ती कमान हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली, आतलं माप घेतलं, काहीतरी टिपून घेतलं. गुणाजीनं विचारलं नाही. आता तो काही बनवायचा ते आजार थांबेल म्हणून नव्हे. तिची मान आज सरळ राहावी, एवढंच.

माघात, एका दुपारी, वनमाला तिला पेज भरवत असताना ती गेली. गुणाजी कामावर होता. निरोप आला तेव्हा त्याच्या हातात नकली खिडकीची चौकट होती. चंद्रप्रकाशनं ती काढून घेतली आणि त्याच्याबरोबर दहिसरपर्यंत आला, सगळं आटोपेपर्यंत थांबला.

दिवस झाल्यावर द्रौपदी महिनाभर राहिली. दोघं भावंडं संध्याकाळी दारात बसत. एकदा ती म्हणाली, "त्या दिवशी मी नको म्हणालंय असतंय तर चूळ धरूक लागली नसती. आजून दोन म्हयने बोलली असती काय रे?"

"नाही अक्का," गुणाजी म्हणाला. "त्याचा आणि याचा काही संबंध नाही."

ते खरं होतं, पण तिला पटलं की नाही ते त्याला कळलं नाही. स्वतःच्या बाबतीत तोही असलेच हिशेब घालत बसायचा.

चैत्रात मीराताईंचं पोस्टकार्ड आलं. घाटकोपरला कुंडलिक नावाचे एक गृहस्थ आहेत, पोस्टातले, तोच आजार. मान धरत नाही. तुम्ही ती कमान केली होती तशी करून द्याल का. खाली पत्ता होता. गुणाजीनं कार्ड वाचलं आणि वनमालाला दिलं. "मला नाही जमणार," तो म्हणाला. वनमालानं कार्ड कपाटाच्या आरशाला खोचून ठेवलं. पंधरा दिवस ते तिथंच होतं. सोळाव्या दिवशी, रविवारी, त्यानं पलंगाखालून पेटी ओढली आणि मापाची फीत खिशात घातली.

कुंडलिक पन्नाशीचे होते, हसरे. बोलायला त्रास होत होता तरी त्यांना बोलायचं होतं. गुणाजीनं त्यांच्या मानेचं, हनुवटीचं, खांद्याचं माप घेतलं. दुसऱ्या माणसाच्या गळ्याला हात लावताना त्याची बोटं जरा थांबली. मग त्यानं नीट माप घेतलं, लिहून घेतलं, लाकूड कसं असतं ते सांगितलं. चहा झाला. तो निघाला तेव्हा कुंडलिकांची बायको त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. तिनं दार मागं ओढून घेतलं.

"तुमच्या घरात हेच होतं ना? मीराताई म्हणाल्या."

"हो."

"कळल्यापासून किती दिवस..."

गुणाजीनं जिन्याचा कठडा धरला. सांगू नये असं त्याला वाटलं. मग डॉक्टरांचा कागदावर चाललेला हात त्याला आठवला.

"दीड वर्ष," तो म्हणाला. "घसा आधी बघा. खोकला यायला लागला की पातळ देऊ नका, घट्ट पेज द्या. पाणी चमच्यानं. मला हे कळलं नव्हतं, म्हणून सांगतो."

बाईनं मान हलवली. ती रडली नाही. पदराचं टोक बोटांना गुंडाळत ती म्हणाली, "पुढच्या रविवारी याल ना?"

"येईन," गुणाजी म्हणाला आणि जिना उतरू लागला.